चुन्यात दाबलेली खूण

२० ऑक्टोबर २००३, सोमवार

नगरपालिकेचं पत्र आलं. दफनभूमीच्या भिंतीतल्या लिनाच्या कप्प्याची चाळीस वर्षांची मुदत फेब्रुवारीतच संपली. पुढच्या सोमवारी सकाळी आठ वाजता कप्पा उघडणार. जवळच्या नातेवाइकानं हजर राहावं. हाडं लहान पेटीत घालून अस्थिकोठीत ठेवली जातील.

बाबा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. छातीत पाणी झाल्यापासून त्यांना आडवं होता येत नाही. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दिलं.

"उजेड कमी आहे. तूच वाच."

सकाळचे दहा वाजले होते. ब्याऐंशीव्या वर्षी नजर उतरायचीच. मी वाचून दाखवलं.

"भिंत फोडणार?"

"हो बाबा."

"कोण?"

"तुल्लियो."

"त्याला सांग, हळू."

"चाळीस वर्षं झाली बाबा. आता हळू करण्यासारखं काय राहिलं असेल आत?"

ते भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी हरभरे घातलेला पास्ता आणला तर दोन चमचे खाल्ला आणि थाळी सरकवली.

लिना माझी धाकटी बहीण. चौथ्या वर्षी तापानं गेली. मी नऊ वर्षांचा होतो. तिचा फोटो कधी काढलाच नव्हता. मला तिचा चेहरा आठवत नाही, मानेवरचे ओले केस आठवतात.

२७ ऑक्टोबर, सोमवार

तुल्लियो माझ्या आधीच शिडी लावून उभा होता. गावची थडगी त्याचा बाप लिंपायचा, आता तो लिंपतो आणि उघडतो.

"हा दगड कुणी बसवला?"

"मी. चौऱ्याऐंशी साली. तेर्नीच्या कारखान्यातून पैसे पाठवले होते."

"तरीच. पोलादासारखा चिकटलाय. नाझारे, मेलेल्या पोरीला कोंडून ठेवायला एवढं सिमेंट लागतं का रे?"

दगड उतरवला. पांढरा संगमरवर, त्यावर लिनाचं नाव आणि दोन तारखा. तो बसवला तेव्हा मी तेर्नीतच होतो. महिन्याभरानं सुट्टीला आलो, अक्षरं पाहिली आणि मला अभिमान वाटला होता. बाबा मात्र तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. एकदाच म्हणाले, "पोरीला हलवलीत तुम्ही." मी म्हटलं, बाबा, तिथेच आहे ती, नाव तरी वाचा. ते उठून बाहेर गेले. म्हातारपणचा हट्ट, असं आई म्हणाली.

दगडामागे जुनी सिमेंटची भिंत निघाली, चुन्याचे हात दिलेली. उजव्या कोपऱ्यात वर एक गोल उंचवटा होता. पाहताक्षणी आठवलं. लहानपणी मृतांच्या दिवशी आम्ही जायचो तेव्हा बाबा तिथे तळवा ठेवून उभे राहत. भिंतीत काही खिळा-बिळा असेल, असं मला वाटायचं.

तुल्लियोनं छिन्नी लावली आणि त्या उंचवट्यातून एक जड चकती खाली पडली. सिमेंटमध्ये लडबडलेली, तळहाताच्या खळग्याएवढी.

"घे. तुझ्या बहिणीच्या दाराला कडी होती की."

मी ती खिशात टाकली. मग आतलं काढलं. फारच थोडं होतं. एका बुटाची वादी होती. मी 'नमो मारिये' ही प्रार्थना म्हणायला लागलो आणि मधलीच ओळ विसरलो. तुल्लियोनं टोपी काढून ती पुरी केली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळभर ती चकती घासत बसलो. व्हिनेगर, मीठ आणि तांब्याची भांडी घासायचा तारेचा चोथा.

माझी बायको अस्सुन्ता दारात उभी राहून बघत होती. "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तुला काही घासताना पाहतेय. तसाच बसलायस तर कढईही घे."

वरचं सिमेंट कडक होतं, ते ठोकून काढलं. त्याखाली आणखी एक थर होता, पांढरा, लालसर कणांचा. तो भिजल्यावर सहज सुटला. हिरवटपणाही गेला. दुपारपर्यंत धातू नव्या नाण्यासारखा चमकायला लागला.

एका बाजूला दाढीवाला माणूस, नाक झिजलेलं. दुसऱ्या बाजूला जहाज, जहाजातून वर उठलेला सापासारखा प्राणी आणि पाण्यात पहुडलेला एक म्हातारा, हात पुढे केलेला. हा योना. जहाजातून टाकलेला, मोठ्या माशाच्या तोंडून परत किनाऱ्याला आलेला. गावाखाली पहिल्या ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांची भुयारं आहेत, तिथे तो सात ठिकाणी रंगवलेला आहे. चौदा वर्षं भुयारांची किल्ली माझ्याकडे आहे, मी तो लोकांना दाखवतो. आणि दाढीवाला म्हणजे संत पौल. त्या वेळचे आमचे पाद्री भले होते. त्यांनीच गरिबाच्या पोरीसाठी हे पदक गुपचूप लावलं असणार.

संध्याकाळी बाबांना दाखवायला नेलं. त्यांनी हात पुढे केला आणि मध्येच थांबवला.

"चकचकीत कुणी केलं?"

"मी. बघा, योना आहे."

"झाकून ठेव."

उजेड डोळ्यांवर आला असेल. मी ते रुमालात गुंडाळलं.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिवस

बाबा या वर्षी पहिल्यांदा आले नाहीत. मी आणि अस्सुन्ता शेवंती घेऊन गेलो. लिनाची पेटी अस्थिकोठीत २१२ नंबरला आहे. तिच्या जुन्या जागी चौकोनी भगदाड आहे.

त्या भगदाडाच्या डावीकडे दोन कप्पे सोडून एका वकिलाच्या आत्याचं थडगं आहे. पाच-सहा वर्षांमागे बाबांना मी तिथे फुलं ठेवून उभे असलेले पाहिलं होतं. मी म्हटलं, बाबा, हे आपलं नाही, आपलं पलीकडे. ते म्हणाले, "माहीत आहे. हिच्याकडे कुणी येत नाही म्हणून." दयाळू माणूस. मला असं सुचलं नसतं.

५ नोव्हेंबर, बुधवार

भुयारांची देखरेख करणाऱ्या रोमच्या कार्यालयातून डॉ. कोर्तेझीबाई वार्षिक तपासणीला आल्या. ओल मोजली, दोन ठिकाणी पडलेला दगड पाहिला. वर आल्यावर मी कॉफी केली आणि रुमाल उघडून त्यांच्यापुढे ठेवला. शाळेत चांगलं अक्षर काढून बाईंना दाखवावं, तशा हौसेनं.

त्या हातातला कप ठेवायचं विसरल्या.

"हे कुणी घासलं?"

"मी. योना आहे बाई. आणि हा पौल."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. भिंग काढून त्यांनी कडेकडेनं पाहिलं, मग खिशातल्या छोट्या तराजूवर ठेवलं. एकसष्ट ग्रॅम.

"हा पौल नाही, नाझारेनो. सम्राट आहे, अंतोनिनुस. आणि हा मासा नाही, साप आहे."

"भुयारातल्या योनाच्या माशाला अशीच शेपटी असते. रंगवणाऱ्यांनी कुठे मासा पाहिला होता?"

"तेही खरं. पण ही गोष्ट वेगळी. पूर्वी रोममध्ये साथ आली होती. वैद्यकीच्या देवाचा साप जहाजातून आणला आणि तो नदीतल्या बेटावर उतरला, अशी त्यांची कथा. पहुडलेला म्हातारा म्हणजे तिबेर नदीचा देव. पाहुण्याला या म्हणतोय."

"म्हणजे जुनं नाणं."

"नाणंही नाही. त्या काळातलं एवढं मोठं काशाचं नाणं असतं तर इथे एस आणि सी अशी दोन अक्षरं असती, सिनेटच्या नावाची. ती नाहीत. आणि कड बघा. आत तांबं, बाहेर पितळेचं कडं, दोन धातू एकत्र बसवून मग ठसा मारलाय. बाजारात मासळी घ्यायला कुणी एवढा खटाटोप करत नाही. सम्राट नवीन वर्षाला आपल्या मर्जीतल्या माणसांना अशी पदकं भेट देत असे. हे सापडलं कुठे?"

मी सांगितलं. लिनाचा कप्पा, सिमेंट, तुल्लियोची छिन्नी.

"सिमेंटखाली काही होतं?"

"पांढरा थर होता. लालसर कणांचा."

बोलता बोलताच मला कळलं. तो चुना मी रोज पाहतो. खाली प्रत्येक कप्प्याचं तोंड त्यानंच लिंपलेलं आहे. ज्यांना पाटी कोरून घेणं परवडत नसे, ज्यांना अक्षर येत नसे, ते ओल्या चुन्यात काहीतरी दाबून ठेवायचे: शिंपला, काचेचा तुकडा, हाडाची बाहुली, जुनं नाणं. हजारो सारख्या कप्प्यांत आपलं माणूस सापडावं म्हणून. हे मी दर रविवारी लोकांना सांगतो आणि लोक दर रविवारी गप्प होतात. तो चुना माझ्या हाताखाली सुटत होता तेव्हा मला काहीच आठवलं नाही.

"तो थर असता," बाई म्हणाल्या, "तर कोणत्या कप्प्याचं ते आपल्याला ताडून पाहता आलं असतं. आता ते दागिन्यासारखं झालंय. देखणं आणि मुकं."

"मला माहीत नव्हतं बाई."

"तुम्हाला माहीत होतं, नाझारेनो. तुमच्या हाताला नव्हतं."

मग त्यांनी वही काढली. त्रेसष्ट साली भुयाराची किल्ली कुणाकडे होती?

मी म्हटलं, माझ्या वडिलांकडे. एकोणसाठपासून एकोणनव्वदपर्यंत. त्यांनी ते लिहून घेतलं. बाई एकोणीस तारखेला परत येणार. तोवर मी चौकशी करून लेखी निवेदन तयार ठेवायचं. पदक त्यांनी माझ्याकडेच राहू दिलं, त्याची मापं मात्र टिपून घेतली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

तेव्हा भुयारात पाद्रीही उतरत. तुल्लियोचा बाप उतरे. रोमचे दोन विद्यार्थी महिनाभर चित्रं उतरवत बसले होते. किल्ली एकाकडे असली म्हणून हात एकाचाच असतो असं नाही. हे सगळं मी अस्सुन्ताला जेवताना सांगितलं.

ती म्हणाली, "आणि विद्यार्थ्यांनी चोरलेली वस्तू आणून तुझ्या बहिणीच्या भिंतीत घातली?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतोस? बाप आहे तो तुझा. आत बसलाय. विचार."

"आजारी आहेत."

"म्हणूनच आत्ता विचार म्हणते."

मी उठून लाकडं फोडायला गेलो.

९ नोव्हेंबर, रविवार

चर्चमधल्या मिस्सानंतर पदक घेऊन खाली भुयारात उतरलो. नोंदवहीत रिकाम्या वर्तुळांचे एकतीस ठसे आहेत. चुन्यात गोल खळगा आणि आतली वस्तू कधीची गेलेली. एकेकात पदक लावून पाहिलं. नऊ ठिकाणी आत जातं. पदकाच्या कडेला एक खाच आहे. त्या खाचेत भरेल असा चुन्याचा उंचवटा एकाही ठशात नाही. नऊ ठिकाणी जातं म्हणजे कुठेच बसत नाही.

परत येताना 'येथे निजली आहे' या लेखापाशी थांबलो. बाबा लोकांना हा लेख वाचून दाखवत तेव्हा त्यांचं बोट दगडावर नुसतं तरंगायचं, पुढच्या शब्दावर आधी जायचं, कधी मागे राहायचं. मला अक्षर लावत लावत वाचावं लागतं. त्यांना सगळे शंभर-सव्वाशे लेख मुखोद्गत होते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्रभर बाबांचा श्वास वाजत होता. डॉक्टर म्हणाले, फार तर दोन-तीन आठवडे. सकाळी फादर येऊन अंत्यलेपन करून गेले. बाबांनी सगळी उत्तरं पाठ दिली. पापनिवेदनासाठी आम्ही बाहेर थांबलो. फादर पुष्कळ वेळानं आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले.

अजून विचारलं नाही. विचारलं नाही आणि ते गेले, तर त्या एका कप्प्याची ओळख माझ्या चोथ्यानं कायमची पुसली. विचारलं, तर मरत्या बापाला चोर म्हणून उठवायचं. आज दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाबांना थोडी हुशारी होती. या वर्षीच्या नव्या तेलात बुडवलेला पावाचा तुकडा त्यांनी मागून खाल्ला. मी रुमाल उघडून पदक पांघरुणावर ठेवलं.

"बाबा, हे कुठून काढलंत?"

त्यांनी दाराकडे पाहिलं.

"अस्सुन्ता आहे?"

"बाजारात गेलीय."

"दार लाव."

मी लावलं. ते बोलले तसं उतरवतो आहे. मध्ये श्वासासाठी थांबत होते, ते मला लिहिता येणार नाही.

"तुल्लियोच्या बापानं भिंत लिंपली. वर लाल रंगानं काहीतरी काढलं. म्हणाला, हे नाव. मी म्हटलं, बरं. आठवड्यानं गेलो तर शेजारी आणखी दोन नव्या भिंती. त्यांच्यावरही लाल. कोणती माझी? तुझी आई घरी झोपून होती. शेवटी एका बाईला विचारलं. माझ्या पोरीचं दार मला परक्या बाईनं दाखवलं, नाझारे."

"म्हणजे बाबा, तुम्हाला..."

"मला काय?"

"काही नाही."

"खाली त्या लोकांनाही येत नव्हतं. त्यांनी काय केलं, ते मी रोज कंदील घेऊन बघत होतो. शिंपला लावावा, तर पोरं काढून नेतील. मग म्हटलं, चांगलं जड काहीतरी हवं. ती एक लहान पोर होती खाली. एकटीच, कोपऱ्यात. तिचे आईबाप आता यायचे नव्हते. मला यायचं होतं."

मी पाणी दिलं.

"कोपरा खणून दाबलं. वर पातळ लेप दिला, कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून. डोळ्याला दिसायचं नाही, हाताला लागायचं. वीस वर्षं सापडत होती मला. मग दगड आला. हात फिरवला तर गुळगुळीत. शेजारचाही गुळगुळीत. सगळेच. मी म्हटलं, हलवली हिला."

"मला का नाही सांगितलंत बाबा?"

"तू पैसे पाठवले होतेस."

चौदा वर्षं मी त्यांना रोजचं वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ते म्हणतात, तुझ्या तोंडून ऐकायला बरं वाटतं. मी ते खरं धरून बसलो होतो.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "त्या दुसऱ्या पोरीचंही म्हणत होतो मी रोज. लिनासाठी एक 'नमो मारिये', तिच्यासाठी एक. नाव माहीत नाही म्हणून 'तीही' म्हणायचो. पण तिचं दार पुसलं ते पुसलंच. परत लाव. मी आता तिकडेच निघालोय, लिना मला दिसेलच. हिचं हिला दे."

"कुठला कप्पा बाबा? नोंदवहीतल्या एकतिसांत तो नाही."

"वहीत कसा असेल? मी सांगितला तर असणार ना. खालच्या पायरीवर उभा राहा. डावा हात भिंतीला. हात सोडायचा नाही. भिंत जिथे आत जाईल तिथे तू आत जा. दोनदा. तिसऱ्यांदा नाही जायचं, सरळ. मग दिव्याचा कोनाडा, काजळी बोटाला येते. तिथे गुडघ्यावर बस. खालून पहिला."

"काजळी अजून येते?"

"सोळाशे वर्षांची आहे. माझ्यासाठी कशाला जाईल?"

हे म्हणताना ते किंचित हसले. अस्सुन्ता आली तेव्हा झोपले होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पिशवी ठेवून मला कॉफी करून दिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बॅटरी खिशात ठेवली आणि त्यांनी सांगितलं तसा गेलो. डावा हात भिंतीला. भिंत आत गेली, मी आत गेलो. दोनदा. काजळी बोटाला आली. गुडघ्यावर बसलो आणि मग दिवा लावला.

त्या बाजूला आम्ही लोकांना नेत नाही. मातीनं निम्मा बुजलेला कप्पा, लांबीला फार तर चार विती. हातानं माती काढली. वर्तुळ होतं. त्याच्या कडेला चुन्याचा बारीक उंचवटा होता. पदकाची खाच त्यावर आणली आणि ते आवाज न करता आत बसलं.

खाच जुळली तेव्हा जहाज सरळ उभं राहिलं, पाण्यावर असावं तसं. सम्राटाचं तोंड चुन्याकडे गेलं. म्हणजे दाबणाऱ्यानं जहाजाची बाजू निवडून, सरळ धरून दाबलं होतं. त्याला सम्राटाशी देणंघेणं नव्हतं. त्याला त्यात वैद्याचा साप दिसला की योना, कोण जाणे. वर्तुळाच्या खाली चुन्यात दोन बोटांच्या टोकांचे खळगे आहेत, बारीक, बहुधा बाईच्या हाताचे. माझी बोटं त्यांत मावली नाहीत.

पदक परत काढून घेताना त्रास झाला. बाबांनाही झाला असेल का, हे विचारायचं धाडस होणार नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

बाईंना त्या कप्प्यापाशी घेऊन गेलो. त्या मातीत गुडघे टेकून बसल्या. पदक बसवून पाहिलं, काढलं, पुन्हा बसवलं. त्यांचे डोळे भरले होते की धूळ गेली होती, कळलं नाही.

"योना असेल का हो बाई? तिला दिसलेला?"

"असू शकेल. घडवणाऱ्यानं काय घडवलं ते मी सांगू शकते. हिनं काय पाहिलं ते माझ्या पुस्तकांत नाही."

वर आल्यावर त्यांनी कागद पुढे ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं नाही.

"नाझारेनो, दोन गोष्टी होऊ शकतात. मी लिहीन, पदक गावच्या स्मशानात मिळालं, मूळ ठिकाण अज्ञात. कुणाला काही विचारलं जाणार नाही. किंवा बत्तिसावं वर्तुळ नोंदवायचं. मग ते तुम्हाला कसं सापडलं, हे लिहावंच लागेल."

"अज्ञात लिहिलं तर ती पोर?"

"माती निम्मी तुम्ही काढलीच आहे. उरलेली तशीच राहील."

"आणि दुसरं लिहिलं तर?"

"चौकशी होईल. एकाच घरात चव्वेचाळीस वर्षं किल्ली आहे, त्यामुळे ती तूर्त जमा करावी लागेल. वडिलांना प्रश्न विचारायला कुणी येईल, असं वाटत नाही. त्यांची तब्येत मी सांगेन. पण नाव कागदावर राहील."

त्या पोरीला नाव नाही. तिच्या आईनं तिला जे दिलं तेवढंच तिचं नाव होतं. ते एकदा आमच्या घरानं काढून घेतलं आणि एकदा मी घासून पुसलं. तिसऱ्यांदा अज्ञात लिहायला माझा हात तयार होईना.

मी लिहिलं. बाबांचं नाव लिहिलं, एलिजो, आडनावासकट. कशासाठी घेतलं तेही लिहिलं, आणि वाचता येत नव्हतं हेही. हे शेवटचं लिहिणं चोरी लिहिण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी आयुष्यभर झाकलेली गोष्ट ती होती.

मग बाईंनी फोमच्या डबीत पदक ठेवलं. मी म्हटलं, कधी बसवायचं परत? चुना मी कालवून ठेवतो, खालच्यासारखाच, लाल वाळूचा.

त्यांनी डबीचं झाकण लावलं. "परत नाही बसवता येणार. खाली ओल आहे, आणि आता तुम्ही त्याचं वरचं कवच काढलंय, वर्षभरात ओल ते खाऊन टाकेल. शिवाय चोरीची भीती. ते रोमला राहील, कपाटात. पण चिठ्ठीवर कप्प्याचा नंबर असेल. बत्तीस. तुमच्यामुळे."

मला हे सुचलंच नव्हतं. मी इतके दिवस दोन पोरींपैकी कुणाला द्यायचं, असा विचार करत होतो.

किल्ली दिली. तिची खिशाला सवय आहे. घरी येईपर्यंत तीनदा हात गेला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस बाबा जागेच नव्हते. आज संध्याकाळी डोळे उघडले. अस्सुन्तानं ओठ ओले केले. ते मलाच शोधत होते.

"नाझारे. लावलंस?"

मी त्यांच्याजवळ वाकलो. आवाज इतका कमी होता की कान तोंडाशी न्यावा लागला.

"लावलं बाबा."

"चुना?"

"लाल वाळूचा. सकाळी कालवला."

"ओला होता ना, दाबताना?"

"ओला होता."

"जहाज कुठे?"

"बाहेरच्या बाजूला. सरळ."

मग त्यांनी पांघरुणावरचा हात उचलला, मी माझा पुढे केला, आणि त्यांनी माझ्या तळव्यात अंगठा दाबून धरला, दाबलेलं सुटून येतंय का हे पाहावं तसा.

"धरलं?"

"धरलं बाबा. हलत नाही."

अस्सुन्ता कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसली होती. तिला सगळं माहीत आहे. तिनं मान वर केली नाही.

मी बाबांशी कधी खोटं बोललेलो आठवत नाही. आज पाच वेळा बोललो, आणि प्रत्येक वेळी त्यांचा श्वास थोडा खाली बसत गेला. आता झोपले आहेत. अंगठा अजून माझ्या डाव्या हातात आहे, म्हणून हे एका हातानं, वही गुडघ्यावर ठेवून लिहितो आहे. उद्या रविवार. मिस्साआधी फादर पापनिवेदनाला बसतील. मी गेलो तर मला सांगावं लागेल की पश्चात्ताप झालेला नाही.